मालकाचा मोबाइल

माझा फोन सारखा बिझी लागतो म्हणून तुमी ओरडता ना, आता कारण ऐका.

मंगल कार्यालयांच्या वेबसाइटसाठी मी बुकिंगचं प्लगिन, म्हंजी साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, बनवलं. पहिलं गिऱ्हाईक दिंद्रुडच्या कार्यालयाचे मालक, आबा. त्यांनी सेटिंगमध्ये ‘मालकाचा मोबाइल’ ही जागा कोरीच ठेवली, त्यामुळं बुकिंगचे मेसेज कुणालाच गेले न्हाईत. एकाच दिवशी दोन वऱ्हाडं दारात उभी राहिली, अन् आबा माझ्याशीच भांडले.

मग मी ती जागा सक्तीची केली. भरल्याशिवाय प्लगिन चालूच होणार न्हाई. दुसऱ्या दिवशी बघतो तर आबांनी तिथं लिहिलेलं, ‘आहे’.

“आबा, मोबाइल हाय का, असं न्हाई विचारलं. नंबर टाका.”

“असं सांग की मग!”

आता भरवसा राहिला न्हवता. दहा आकडी नंबरच घेईल, अशी अट घातली. आबांनी गुमान दहा आकडे भरले, प्लगिन चालू झालं. मला वाटलं, सुटलो.

तवापासून दिवसभर फोन. “हॉल रिकामा हाय का?” “आचारी तुमचा का आमचा?” “नवरदेवाचा घोडा आत येऊ देता का?” न उचलावा, तर परत दारात दोन वऱ्हाडं. शेवटी आबांना गाठलं. “आबा, वेबसाइटवर मालकाचा म्हणून माझा नंबर कावून टाकला?”

“तुझ्या प्लगिनला दहा आकडे पायजे होते, दिले. माझा टाकला असता, तर लोकांनी डोकं खाल्लं असतं की!”

थांबा, वाजला बघा. हां, बोला. न्हाई, त्या दिवशी दुसरं लग्न हाय. होय, घोडा चालतो.