उजवा हात, डावा हात

(स्वयंपाकघर. सकाळचे अकरा. गॅसवर मोठं पातेलं. ओट्यावर उघडलेली बिअरची बाटली आणि दोन पेले.)

छोटी : आणि हे तुम्ही मला माझ्या साठीला पाजणार होतात?

भाऊजी : म्हणून तर आज बोलावलं. चव बघ म्हटलं होतं, एवढा घोट कुणी घ्यायला सांगितला?

छोटी : किती कडू हो भाऊजी. आणि संत्र्याचा वास कुठाय? ताईच्या बाटलीचं झाकण उघडलं की पलीकडच्या खोलीतून लोक विचारायचे, संत्रं कोण सोलतंय म्हणून.

भाऊजी : तेच तर कळत नाही. तिच्या वहीत लिहिलंय तसंच केलं. अक्षर न् अक्षर.

छोटी : दहा वर्षं बिअर करायची ताई आणि बाटल्या धुवायचात तुम्ही.

भाऊजी : चांगल्या धुवायचो.

छोटी : ते खरं. बाटली लख्ख आहे. आतलं तेवढं बघा.

भाऊजी : चेष्टा पुरे. तुझ्या साठीला पाच आठवडे राहिले. दोन आठवडे पिंपात, दोन बाटलीत. आज उकळली नाही तर नाहीच. आणि माल्ट, ती मोड आणून वाळवलेली बार्ली, एका वेळेपुरतंच उरलंय.

छोटी : मग राहू दे ना. दुकानातून चार खोकी आणू. मी काय तगादा लावलाय?

भाऊजी : तू नाही लावला. पण तुझ्या ताईने शब्द दिला होता. छोटीच्या साठीला माझी संत्र्याची बिअर.

छोटी : ताई गेली भाऊजी. शब्द सुटला.

भाऊजी : मला तसं वाटत नाही.

छोटी : बरं. नाही सुटला. मग हे बघा, मीही रिकाम्या हाताने नाही आले. दुकानदाराला सांगितलं, संत्र्या-लिंबाच्या जातीतला वास हवाय. त्याने हॉप्सच्या तीन पुड्या दिल्या. ही वाळकी फुलं आहेत होय? मला इतकी वर्षं वाटायचं, ताई संत्र्याची साल घालते.

भाऊजी : सालीचा तुकडासुद्धा नाही. सगळा वास फुलांचा. सुरुवातीला टाकून तासभर उकळली की कडूपणा उतरतो, वास उडून जातो. शेवटी टाकली की वास राहतो. एवढं मला ऐकून ऐकून पाठ आहे.

छोटी : एवढं पाठ असून हे असं झालं?

भाऊजी : वही वाच तू. पहिलंच पान.

छोटी : "उजवा पहिल्यापासून, तासभर. डावा गॅस बंद केल्यावर, तीन मुठी." उजवा कोण आणि डावा कोण? बैल आहेत का?

भाऊजी : हात आहेत. माझे.

छोटी : म्हणजे?

भाऊजी : हॉप्स तळहातावर चुरडून हुंगायचे असतात. ती दवाखान्यात कामाला, तिच्या हातांना औषधाचा वास. कितीही धुतले तरी जायचा नाही. माझे शिंप्याचे हात. तेल नाही, डाग नाही, सतत कोरडे. म्हणून ती माझ्या हातांवर चुरडायची. पिवळ्या झाकणाची बरणी उजव्या हातावर, काळ्या झाकणाची डाव्या. मग एकदा हा हुंगायची, एकदा तो.

छोटी : आणि तुम्ही?

भाऊजी : मी उभा. भीक मागितल्यासारखे हात पुढे करून.

छोटी : हे ताईने मला कधी सांगितलं नाही.

भाऊजी : सांगण्यासारखं काय त्यात? तर मागच्या वेळी मी उजव्याचं, म्हणजे पिवळ्या बरणीतलं तासभर उकळलं. डाव्याचं, काळ्या बरणीतलं शेवटी टाकलं. तीन मुठी, मोजून. आता सांग, कुठे चुकलो?

छोटी : मला नाही समजत. आधी करून दाखवा. काढा त्या बरण्या फ्रीझरमधून. हं, पुढे करा हात. पिवळं ह्या हातावर. काळं ह्या. असं?

भाऊजी : असंच. जरा जोरात चुरड.

छोटी : अगं बाई, संत्रं. हेच ते. ह्या डाव्या हातावर.

भाऊजी : उजव्या.

छोटी : डाव्या हो. हा काय, माझ्या समोर.

भाऊजी : अगं, हात माझा आहे. माझा उजवा आहे हा.

छोटी : तुमचा उजवा असेल. माझ्या बाजूने तर डावाच ना?

भाऊजी : थांब. हलू नकोस तिथून.

छोटी : काय झालं?

भाऊजी : ती पण तिथेच उभी राहायची. माझ्यासमोर.

छोटी : मग?

भाऊजी : मग तिने तिच्या बाजूने लिहिलंय. तिचा डावा म्हणजे माझा उजवा. संत्र्याचं शेवटी टाकायचं होतं, ते मी तासभर उकळलं. वास सगळा खिडकीतून गेला. आणि कडू होतं ते वर तीन मुठी.

छोटी : भाऊजी, तुम्ही शिंपी ना?

भाऊजी : बोल, बोल. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून सांगत आलो, अहो, ती तुमची डावी बाही आहे. आणि घरात हा घोळ. कापड असतं तर उसवून पुन्हा शिवलं असतं.

छोटी : घोळ सापडला ना? मग टाका आता.

भाऊजी : पिवळ्या बरणीत मूठभरच उरलंय. लागणार तीन. आणि बरणीवरचं नाव पुसून गेलंय.

छोटी : म्हणून तर ह्या पुड्या. जुनं तुमच्या उजव्या हातावर तसंच राहू दे. डावा पुसा. ही पहिली. हं... हे पपनस. छान आहे, पण वेगळं. पुसा. ही दुसरी. लिंबू. भाऊजी, हेच टाका. काय ताजा वास आहे.

भाऊजी : लिंबाचा शब्द नव्हता दिला.

छोटी : साठी माझी आहे.

भाऊजी : शब्द तिचा आहे.

छोटी : हट्टी आहात. पुसा. ही तिसरी. हं.

भाऊजी : काय?

छोटी : थांबा. डोळे मिटते. हात अदलाबदल करा. आता... नाही सांगता येत कुठलं जुनं नि कुठलं नवं. तुम्हीच हुंगा.

भाऊजी : मी कधी हुंगलं नाही.

छोटी : दहा वर्षांत एकदाही नाही?

भाऊजी : माझं काम हात पुढे करायचं.

छोटी : मग आज पहिल्यांदा. घ्या, वर घ्या तळहात. नाकाजवळ. काय येतंय?

भाऊजी : ह्यात संत्रं. ह्यातही संत्रं. जुन्याचा जरा दबका, पण तोच. तीच जात आहे.

छोटी : मग ठरलं. एक मूठ ताईची, दोन नव्या. लिंबाची पुडी मी घरी नेते.

भाऊजी : काय करणार नेऊन?

छोटी : हुंगेन. एक विचारू? दर वेळी पिवळं ह्याच हातावर आणि काळं त्याच? कधी बदल नाही?

भाऊजी : कधीच नाही. तीच दोन फुलं, तेच हात.

छोटी : मग ती हुंगून ठरवायची काय?

भाऊजी : कुठलं आधी टाकायचं, कुठलं नंतर.

छोटी : ते तर वहीत लिहिलेलं आहे. तारीख बघा वरची. पहिल्याच वर्षाची.

भाऊजी : ताजं आहे का ते बघत असेल.

छोटी : त्याला बरणीत नाक घातलं तरी भागतं.

भाऊजी : चांगली पाच पाच मिनिटं हुंगत राहायची. माझे हात अवघडायचे. मी म्हणायचो, आटप, तिकडे गिऱ्हाईक खोळंबलंय. तर म्हणायची, थांबा हो, माझं अजून ठरत नाही.

छोटी : हं.

भाऊजी : मला खरंच वाटायचं, माझ्या हातांवाचून हिचं अडतं.

छोटी : अडतच होतं. पातेलं उकळायला लागलं बघा. कुठला हात आधी?

भाऊजी : उजवा. तिचा.