सुतकाचे दहा दिवस

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण मी वाढलो चिंचवडला, वामनकाकांकडे. वडील लवकर गेले, मग काकांनीच मला आणलं, शिकवलं, गणपतीत ढोलपथकात उभं केलं तेही त्यांनीच. पुढे इंजिनिअर झालो, आयर्लंडला आलो, इथे औषधांच्या प्लांटमध्ये लागलो, त्याला झाली आता चौदा वर्षं. ह्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते बँडचं.

डेक्लन म्हणून एक इलेक्ट्रिशियन आमच्या प्लांटवर यायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी रिकाम्या निळ्या पिंपावर ढोलाचा ठेका धरून बसलो होतो, तर हा म्हणाला, ग्रँड वाजवतोस की, शनिवारी क्लोनडॉकिनला माझ्या गॅरेजात ये. गेलो. तिथे अँके होती. अँके जर्मन, तिशीतली, कॉल सेंटरमध्ये नोकरीला. आठवडाभर जर्मन गिऱ्हाइकांच्या तक्रारी गोड आवाजात ऐकून घ्यायच्या हे तिचं काम, आणि शनिवारी दुपारी ती त्याच भाषेत घसा फाडून ओरडायची. म्हणजे गाणंच ते, पण मध्येच सूर सोडून किंचाळायचं, मग एकदम कुजबुजल्यासारखं हळू. पोस्ट-हार्डकोअर म्हणतात ह्याला, हे मला चाळिशीत कळलं. मी विचारलं, इथे जर्मन कोणाला कळणार, इंग्रजीत का नाही गात. म्हणाली, इंग्रजीत मला राग येत नाही.

तिघंच आम्ही. डेक्लन गिटारवर, मी ड्रम्सवर. ड्रोहेडाला पहिल्यांदा वाजवलं तेव्हा बारा माणसं होती, त्यातली दोन डेक्लनच्या बहिणी. मृणाल, माझी बायको, म्हणायची, ती बाई तुम्हाला शिव्या देते का गाते एकदा विचारून घ्या. पण दोन वर्षांत काय झालं कोण जाणे, अर्थ न कळता लोक शब्दन् शब्द तिच्याबरोबर ओरडायला लागले, आणि एक दिवस जर्मनीतल्या मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. अँके त्या दिवशी गॅरेजच्या फरशीवर बसून रडली.

आणि नेमकी महोत्सवाच्याच आठवड्यात आमच्या प्लांटची तपासणी लागली. साहेब म्हणाले, मॅनेजरची जागा तुझ्यासाठी धरलीय, तेवढे दिवस इथे हवास. आता अँकेला सरळ सांगायचं होतं की बाई, मी नोकरी निवडली. चिडली असती, दुसरा ड्रमर बघितला असता. पण तिचं ते रडणं मी पाहिलं होतं, जीभ रेटेना. काय सांगू तुम्हाला, मी फोनवर म्हणालो, माझे काका वारले. आमच्यात दहा दिवस सुतक असतं, वाजवता येत नाही.

काका तेव्हा चिंचवडला ठणठणीत होते. मृणालला मात्र खरं सांगितलं. मी म्हटलं, खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. ती म्हणाली, माणसाचं वाढतं, उठवणाऱ्याचं नाही.

मला वाटलं होतं दुसरा ड्रमर घेऊन जातील. अँकेनं महोत्सवाला जाणंच रद्द केलं. तिचे वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी तिला हेडफोन लावून गिऱ्हाइकांशी गोड बोलावं लागलं होतं. दहा दिवस काहीही करायचं नाही, ही गोष्ट तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. म्हणाली, आपण तिघंही पाळू. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही असं कुठून तरी वाचून ती बटाट्याच्या सुपाचं पातेलं घेऊन दारात आली. मी प्लांटवर होतो. मृणालनं पातेलं घेतलं. ते सूप आम्ही दोन दिवस खाल्लं.

त्या दहा दिवसांवर तिनं गाणं लिहिलं. त्याच गाण्यानं बँड वर गेला, असा गेला की डेक्लननं वायरिंगची कामं सोडली, जर्मनीत मोठमोठे हॉल भरायला लागले. प्रत्येक वेळी गाण्याआधी ती म्हणायची, हे आमच्या ड्रमरच्या वामनकाकांसाठी. आणि हजार माणसं गप्प उभी राहायची. मी सात वेळा ते वाजवलं. आठव्यांदा हात उचलेना, तब्येतीचं कारण सांगून बँड सोडला. म्हणजे आणखी एक खोटं.

गेल्या वर्षी ती जर्मनीहून डब्लिनला आली, तेव्हा ब्युमॉन्टच्या एका कॅफेत बोलावून तिला सगळं सांगितलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, त्या दहा दिवसांत तू काय करत होतास?

म्हटलं, कागदपत्रं तपासत होतो.

मी बसले होते, ती म्हणाली. दहाही दिवस.

चहा संपवला, कप काउंटरवर नेऊन ठेवला आणि गेली. त्यानंतर फोन नाही. डेक्लन सांगतो, गाणं अजून म्हणतात, पण आधी ती काही बोलत नाही, सरळ सुरू करते. बरोबर आहे. गाणं तिचंच होतं, बसली ती होती.

काकांना मी सांगितलेलं नाही. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, रविवारी व्हिडिओ कॉल असतो, कान फोनला लावून बोलतात, त्यामुळे मला फक्त कान दिसतो. परवा म्हणाले, आरं तुझी ती वरडणारी पोरगी काय म्हणतीया? म्हटलं, फार मोठी झाली काका, सगळीकडे नाव आहे. म्हणाले, झाक झालं. सांग तिला, वामनकाकाचा आशीर्वाद हाय म्हणावं.

सांगतो म्हणालो.