उरलेली ओळ

या माउली, जरा जवळ सरका. अमरावतीच्या दवाखान्यात, एक्स-रेच्या रांगेत कानावर पडलेली गोष्ट सांगतो. माझ्या मागं फुलमळेवाले गोवर्धनदादा आणि त्यांच्या तानुबाई बसल्या होत्या. दादा गावच्या सप्त्यात कीर्तनकार बुवांच्या मागं धृपद, म्हणजे अभंगाची पालुपदाची ओळ, धरणारे. मळ्याला लागूनच गिट्टीची खदान अन् क्रशर.

"डॉक्टरनं विचारलं, दम काहून लागते, तं खरं सांगजा."

"सांगतो ना. बायको बोलू देत नाही म्हनून."

"चेष्टा पुरे. पांढरी शेवंती भुकटीनं राखट झाली. तुमच्या छातीचं काय झालं असन?"

"फुलं तू रोज धुतं. छाती बी धुऊन देजो."

"देल्ली असती बाप्पा, हात पोचला असता तं."

"तानू, यंदा बुवाले सांगून टाक. मी धृपद धरत नाही."

"मी नाही सांगत."

"अवं, अर्ध्या ओळीतच दम सुटते. लोकं हासतीन."

"अर्धी तं येते ना?"

"येते."

"मंग तेवढी तुमी म्हना. उरलेली बायांतून मी उचलतो."

"तुले कुठी येते वं?"

"तुमी मळ्यात म्हनता, तवा चुलीपाशी ओळ पुरी कोन करते?"

"मले तं कधी ऐकू नाही आली."

"क्रशर चालू रायते ना."

आतून दादांचं नाव पुकारलं.

माउली, कीर्तनात कोणाची ओळ अर्ध्यावर थांबली, तर तेवढी तानुबाईंची आठवण ठेवा.