रेडिओवरचा लाल ठिपका

हवानात सहावं माणूस मिळेपर्यंत शेअर टॅक्सी हलत नाही. मागच्या सीटवर ताटकळलेल्या निएवेसला म्हातारा ड्रायव्हर एव्हेलिओ आणि खिडकीशी नकाशाची स्क्रीन घेऊन उभी असलेली त्याची मुलगी यानेलिस यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“समोरच्या काचेवर नको, पोरी. रस्ता झाकला जाईल.”

“मग खाली लावू?”

“मान खाली घालून गाडी चालवू?”

“मग रेडिओच्या जागी. वीस वर्षं मुकाच आहे तो.”

“त्याला हात लावायचा नाही.”

“बाबा, परवा मारियानाओला जाणारी माणसं तुम्ही लुयानोला नेलीत. थेट आपल्या जुन्या घरापाशी!”

“सवयीनं वळलो.”

“नकाशा नसेल, तर उद्यापासून किल्ली माझ्याकडे.”

“रेडिओवर हा लाल ठिपका दिसतो? तुझ्या आईनं नेलपॉलिशनं दिलाय. तिची मालिका तिथं लागायची.”

“माहितेय. बाटली मीच धरली होती.”

“…या स्क्रीनवर लुयानोचं घर दिसतं?”

“दिसतं.”

“मग काढ रेडिओ. आणि नेलपॉलिश आण. घरावर ठिपका देतो.”

“नकाशा सरकतो, बाबा. ठिपका भलतीकडेच जाईल.”

“सरकू दे नकाशा. घर कुठं सरकतंय?”