व्याह्यांचा पांढरा पायजमा

पान्यापुढं काहीच लपत नाई, असं माह्या सासूबाई म्हनत. लय मोठी बाई. आयुष्यभर त्यायनं बिछायतीचे गालिचे धुतले. मी रिठदची, लगन होऊन शेलूबाजारले आली आन दुसऱ्याच हप्त्यात सासूनं हातात खराटा देल्ला, तवापासून मीबी थेच करून राह्यली. आमचं बिछायत केंद्र आहे, मंडप, गाद्या, गालिचे, लोकायच्या लग्नात खाली आमीच आंथरतो.

आता काय सांगू तुमाले, गालिचा धुनं सोपं, वाळवनं कठीन. वरतून कोरडा वाटते, पोटात वल असते. म्हनून आमच्यात हात लावून पाहाचं नाई, पांढरं फडकं टाकाचं, त्याच्यावर बसाचं, निवांत चहा पेयाचा, आन उठून फडकं पाहाचं. लाल लागलं का पुन्हा उन्हात.

तं पोरीचं, माह्या मंगलचं, मानोऱ्याकडं जमलं. साखरपुडा आमच्याच अंगनात. चांगला लाल गालिचा आदल्या लग्नातून मळून आलता, आन त्याच सकाळी गालिचे धुवाची मशीन विकाले एक मशीनवाला आला, टाय लावून. गरम पानी मारते, तवाच वढून घेते, म्हने मावशी, मुळापासून सफाई, तासाभरात खडखडीत, उन्हाची गरजच नाई. मी म्हनलं, बापा, वाशिम जिल्ह्यात ऊन एकच फुकट भेटते, थे कायले सोडाचं? तरी त्यानं नमुना म्हनून आमच्या लाल गालिच्यावर मशीन फिरवली आन टाकीतलं काळंकुट्ट पानी दाखवलं, पाहा म्हने पुरावा. मी म्हनलं, वावरातून आलेल्या मानसाचे पाय धुतले तरी असंच निघते. पन खोटं कायले बोलू, गालिचा उजळला होता. हळदीचा डाग मातर जिथल्या तिथं.

आमच्या मालकायनं, मंगलच्या बापानं, तळहात फिरवला, कोरडा आहे म्हने. फडकं टाकू का, मी म्हनलं. तं म्हने पाहुने फाट्यावर आले, आता तू चहा पेत बसतं का? आंथरला. मशीनवाल्यालेबी जेवाले थांबवला.

व्याही, त्यायचे भाऊ, मामा, सगळे पांढऱ्याशुभ्र पायजम्यात, बसले, चहा पेले, गोष्टी लांबल्या. सुपारी फोडाले उभे झाले तं मागून सगळे लाल. मंगल दारात उभी, तिचं तोंड पाहून मले वाटलं, आता हे लोक असेच निघून जातीन. मशीनवाला म्हने, सर, पहिल्यांदा असं होते. व्याह्यांनी त्याच्याकडं पाह्यलं, म्हने भाऊ, तू बस बरं इथं. बसला थो. हालू नको म्हने, चहा पे. उठला तं त्याचीबी पँट लाल. तवा व्याह्यांची बहीन खुदकन हसली, मंग सगळेच हसले, आन सुपारी फुटली.

मंगल सुखात आहे, देव तिले तसंच ठेवो. मशीन आमी घेतली नाई, माहा खराटा आहे, ऊन आहे. सासूबाईचं म्हननं खरंच म्हना. व्याही मानूस सोन्यासारखा, दर दिवाळीले येतात, आन आल्या आल्या खुर्ची मागतात.