दुसऱ्याच्या नावाचं पाकीट

लीड्समधल्या दाताच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसलेला सिरिल पेपर वाचायचं सोंग करत होता. चाळीस वर्षं पोस्टमनकी केलेल्या त्याचे कान शेजारच्या दोन म्हाताऱ्यांकडे लागले होते.

“हिल्डा, तुझ्या पोराच्या, डेस्मंडच्या विरोधात म्हणे कोर्टाचा निकाल लागला? तो तर न्यूझीलंडला जाऊन बसलाय ना?”

“जायच्या आदल्या दिवशी त्यानं सुपरमार्केटसमोर गाडी वीस मिनिटं जास्त उभी केली गं. पार्किंगवाल्यांनी दंडाची पत्रं पाठवली, माझ्याच पत्त्यावर. मग कोर्टानंही पाठवली.”

“आणि तू काय केलंस?”

“बिस्किटांच्या डब्यात ठेवली. तारखेप्रमाणे लावून.”

“न फोडता?”

“विनी, दुसऱ्याच्या नावाचं पत्र मी फोडत नाही. नवऱ्याचीसुद्धा कधी फोडली नाहीत.”

“म्हणूनच बिचारा सुखानं गेला! वा, पोरगा परत आला तर नावावरची ती कोर्टाची नोंद बघून त्याला कुणी घर भाड्यानं देणार नाही, पण आईचे संस्कार शाबूत!”

“टोमणे पुरेत. त्यानं निकाल रद्द करायचा अर्ज केलाय. पत्रं आपल्याला मिळालीच नाहीत, असं शपथेवर लिहून दिलंय.”

“सुटलीस. सुनावणी कधी आहे?”

“कोर्ट पत्रानं कळवणार होतं. त्यानं पत्ता माझाच दिलाय. तिकडे टपाल फार उशिरा पोचतं ना.”

“मग, आलं का पत्र?”

“आलं की. तीन आठवडे झाले.”

“अगं, मग तारीख कुठली दिलीये?”

“मला काय ठाऊक? पाकिटावर नाव त्याचं आहे.”