भरलेल्या क्लिपा

ओहायोतल्या आमच्या गावच्या बंदुकांच्या दुकानात मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे म्हातारा व्हर्लिन आणि त्याची बायको लोर्ना होती, आणि काउंटरमागे दुकानदार ड्वाइट.

“व्हर्लिनकाका, रविवारी नेमबाजीला येताय ना?”

“त्यासाठीच आलोय. रिव्हॉल्व्हरच्या क्लिपा भरायला काहीतरी दे. सगळी काडतुसं एकत्र धरणारी ती पत्र्याची चकती, तिच्या खाचांत बोटांनी काडतूस बसतच नाही हल्ली.”

“हे भरायचं यंत्र घ्या. चकती इथे ठेवायची, काडतुसं उभी करायची आणि दांडा दाबायचा. ही नकली आहेत, करून बघा.”

“सांडली बघ सगळी.”

“असू दे, मी उचलते.”

“तू वाकू नकोस, लोर्ना.”

“दोन्ही हातांनी दाबा, काका.”

“दोन्ही हातांनीच दाबतोय रे! दोन्ही थरथरतात, त्याला काय करू?”

“घरी मी भरून देईन की तुला.”

“देशील. आणि मैदानावर नेम? तोही तूच धरणार?”

“डॉक्टर म्हणाले, नव्या औषधाने…”

“मार्चमध्येही हेच म्हणाले होते.”

“मोठ्या दांड्याचं मागवू का, काका?”

“नको. भरलेल्या क्लिपा रिकाम्या करायला काय आहे?”

“ही नळी. काडतुसावर बसवून पिळली की ते सुटतं. पण भरायचं यंत्र सोडून फक्त हीच कशाला?”

“घरी डबाभर क्लिपा भरलेल्या आहेत. रिव्हॉल्व्हर पुतण्याला देऊन टाकतोय. त्याच्या घरात लहान पोरं आहेत, भरलेल्या कशा देऊ?”

“व्हर्लिन, रविवारपर्यंत तरी थांब.”

“बघू दे नळी… छे. पिळवत नाही गं. हेही तूच कर.”